वरमाला कुणी ओवायची

आई, तुझ्या नातीचं लग्न परवा आहे. गेले दोन महिने या घरात फुलांवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी नवऱ्या मुलाच्या नोकरीवरूनसुद्धा झाली नाही. तू असतीस तर पदर खोचून मध्ये बसली असतीस आणि आम्हा सगळ्यांना गप्प केलं असतंस. पोरगी आत्ता मेंदी काढायला मैत्रिणीकडे गेलीय. भर दुपार आहे, पंखा गरम हवा फिरवतोय आणि फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या गुंडाळून ठेवल्या आहेत. मला त्या कळ्यांबद्दलच तुझ्याशी बोलायचंय. पण एकदम तिथं यायला जमत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते.

हल्ली लग्नाची फुलं फुलवाल्याकडे जाऊन ठरवत नाहीत. त्यासाठी डेकोरेटर असतो. त्याचं थंडगार ऑफिस असतं आणि तो भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर एकामागून एक मांडव दाखवत जातो. तुझ्या नातीला सगळं फिकट हवं होतं. फिकट गुलाबी, फिकट पिवळं, दुधात चहाचे दोन थेंब पडल्यावर येतो तसा एक रंग. वरून छताला उलटी लटकणारी फुलं हवी होती. मी विचारलं, झेंडूची तोरणं नाहीत का, तर तो पोरगा माझ्याकडे बघून गोड हसला. "मॅडम, झेंडू आता फक्त हळदीला. लग्नाला तो आउट झाला." झेंडूला हे अजून कुणी कळवलेलं नसावं, कारण शहागंजच्या बाजारात त्याचे ढीग आजही तसेच लागतात. मग त्यानं खर्चाचा आकडा सांगितला आणि तुझी नात माझ्याकडे न बघता टीव्हीकडेच बघत राहिली. मी शाळेतली बाई आहे, हे गेली चार वर्षं एकटीच्या पगारावर चाललेलं घर आहे, हे तिला माहीत आहे. तिचा बाप गेल्यावर हाती आलेला फंड तिच्या शिक्षणात गेला, हेही माहीत आहे.

मग मी तुझं वाक्य काढलं. आठवतं का, तुझ्या फुलांच्या गाड्यावर कुणी गरीब घरचं गिऱ्हाईक आलं, भाव ऐकून मागं सरकायला लागलं, की तू त्याला म्हणायचीस, "मांडवाला झेंडू लावा अन् पैसा हारात घाला. मांडव कोन बघतंय? हार फोटोत ऱ्हातो." मी तेच जरा शुद्ध करून सांगितलं. डेकोरेटर म्हणाला, "वा, मॅडमचा कन्सेप्ट क्लिअर आहे." तुझ्या बोलण्याला आता असं म्हणतात. शेवटी मागच्या पडद्याला कापडाची फुलं ठरली, ती भाड्यानं मिळतात आणि कितीही लग्नं लागली तरी कोमेजत नाहीत. पुढं जिथं माणसं जवळून जाणार तिथं खरा निशिगंध आणि गुलाब. हळदीचा झेंडू दुसऱ्या दिवशी दारावर चढवायचा. छताची उलटी फुलं रद्द. पोरगी एक दिवस फुगून बसली, मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, वर बघत कोण जेवतं.

राहिला हार. डेकोरेटरनं रंगवलेल्या ऑर्किडचा, मणी लावलेला हार दाखवला. माझ्या एका महिन्याच्या भाजीपाल्याएवढी त्याची किंमत होती. मी काही बोलायच्या आत तुझी नात म्हणाली, "हार यांच्याकडून नको. हार आई ओवणार. मोगऱ्याचा, आजी करायची तसा चपटा." तिला तुझा चेहरासुद्धा आठवत नाही गं, तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. चपटा हार तिनं माझ्याकडूनच ऐकलेला. ती इतक्या सहज म्हणाली की मी मान हलवली. पैसे वाचले म्हणून तिला बरं वाटलं असेल, पण तेवढंच नव्हतं. घरी येताना स्कूटरवर मागं बसून तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकवलं होतं.

आणि त्या रात्रीपासून मला तूच दिसतेस.

बाबा गेल्यावर तू तेराव्यानंतर लगेच गाड्यावर बसलीस. काका लोक गंगापूरहून आले होते, म्हणाले, चला गावी, तिथं काय कमी आहे. तू म्हणालीस, "पोरीची शाळा हितं हाय." एवढंच. पहाटे गोण्या येतात, तू त्या स्वयंपाकघरात ओतून घेतेस, आणि आपली भाकरी, आपलं कालवण, माझी दप्तराची पिशवी, सगळ्याला शेवंतीचा वास लागलेला असतो. मी एकदा ओट्यावरचं फूल उचलून हुंगते आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. "वास घेतलेलं फूल हारात घालत नसतेत. लोकं शुभकार्याला नेतेत आपल्याकडून." मी ते फूल केसात खोचते तर तू हसतेस, म्हणतेस, आता ते तुझं झालं. तुझी बोटं बघायला लोक थांबायचे. कळ्या दोन्ही बाजूंना आडव्या, मध्ये दोरा कुठं गेला ते दिसायचंच नाही. शहागंजातली निम्मी लग्नं तुझ्या हारांनी लागली असतील. कितीतरी जणी आज नातवंडं खेळवत असतील.

पण माझ्या लग्नात माझ्या हातात जो हार आला तो गोल होता, जरीचा दोरा घातलेला. तो मी लगेच ओळखला. समोरच्या गाड्यावरच्या चाचांचा हार. चाचा स्वतःच तो घेऊन आले होते, आणि बाहेरच्या ओसरीत तुला म्हणत होते, "क्या जी आपा, सारा शहर तुमारे हाथ का हार पहनता, अन् बेटी कू मेरा?" तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना मी तुला शोधत होते आणि तू कोठीच्या दारात, पिठाच्या पोत्यांपाशी उभी होतीस. निघताना मी तुला विचारलं, आपला हार का नाही? तू माझा पदर सारखा करत म्हणालीस, "कामं लई व्हती गं." तुला खोटं बोलता येत नसे. मला राग आला. तुझा नाही, लोकांचा. आणि लोकांना भ्यालीस म्हणून मग तुझाही. तो राग मी सासरी घेऊन गेले. पुढं कुठल्याही लग्नात विधवेला मागं उभं केलेलं दिसलं की मी भांडायचे. हळद लावायला हाताला धरून पुढं आणायचे. मला त्यावरून भांडखोर म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

म्हणून या वेळी मी भांडायच्या तयारीनंच होते. मुलाची आई आहेर दाखवायला आली तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, हार मी ओवणार आहे, तुमच्याकडं कुणाला काही वाटत असेल तर आत्ताच सांगा. ती गंगापूरकडची शेतावरची बाई, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "अवो ताई, तुमच्या हातचा असल तर लईच चांगलं! आता कोन पाळतंय तसलं? अन् हळद कुटायला बी तुमीच पयल्या बसा. माय हायेत तुमी तिची." तिनं माझा हात हातात घेतला होता. माझी नणंद, जिच्याशी मी मनातल्या मनात चार दिवस वाद घालत होते, तीसुद्धा म्हणाली, "वहिनी, दादाला आवडलं असतं." आई, माझ्याशी भांडायला कुणी उरलंच नाही.

काल शाळेतून येताना मी सरावासाठी कळ्या आणल्या. जमिनीवर ओलं फडकं पसरलं, सुईत दोरा घातला, पहिली कळी घेतली. सुई देठात शिरली आणि माझा हात थांबला. खरंच थांबला. मला त्या मुलाचा चेहरा दिसला. चांगला मुलगा आहे, मोकळा हसतो, मला आई म्हणतो. रोज मोटरसायकलवर बिडकीनला कंपनीत जातो, पैठण रस्त्यानं, ट्रकांच्या मधून. मला वाटलं, हा हार याच्या गळ्यात पडणार. माझ्या हातचा. मी कळी काढून ठेवली. चहा केला, पुन्हा बसले, पुन्हा तेच. मी वर्गात मुलांना शिकवते की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच ती घडली असं नसतं. दरवर्षी शिकवते, उदाहरणं देऊन. पोरं माना डोलावतात. कालच्या संध्याकाळी ते मला पाठ होतं, तरी सुई पुढं जाईना.

आणि तेव्हा मला कळलं की तू लोकांना भ्याली नव्हतीस. लोकांना भ्यायची असतीस तर बाबा गेल्यावर चौकात गाडा लावून बसली नसतीस. तू माझ्यासाठी भ्याली होतीस. दुसऱ्यांच्या पोरींचे हार तू बिनदिक्कत ओवलेस, कारण त्या दुसऱ्यांच्या होत्या. माझ्या वेळी तुझा हात थांबला असणार, माझा थांबला तसाच, आणि ते तू मला कसं सांगणार होतीस? मी तेवीस वर्षांची, शिकलेली, तोंडाळ. मी तुला वेड्यात काढलं असतं. म्हणून कामं लई होती.

पण बघ ना, तू हात आखडून घेतलास आणि तरीही पोरीचे बाबा गेलेच. मी शाळेतून घरी आले, चप्पल काढत होते, आणि शेजारच्या काकू धावत आल्या. बरं झालं, तू तो दिवस बघायला नव्हतीस. चाचांचा हार घातला होता आम्ही, तुझ्या हाताचा त्यात काहीच संबंध नव्हता. मग या सगळ्याला काय अर्थ राहिला, असं मी स्वतःला काल शंभरदा विचारलं. आणि दर वेळी उत्तर एकच येत होतं. तू तो हार ओवला असतास आणि पुढं हे असं झालेलं बघायला असतीस, तर तू उरलेला जन्म स्वतःच्या हातांकडे बघत काढला असतास. मला ते नको आहे, आई. माझ्यात तेवढी ताकद नाही. पोरीच्या संसारात कधी काही उणं झालं, साधं भांडण झालं, तरी मला तो हार आठवत राहील. हे सगळं चूक आहे हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

पोरीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, आई, तू? तिचा तो प्रश्न मला ऐकवणार नाही. ती परवा सगळ्यांना सांगणार आहे की हार आईनं ओवलाय, तिनं मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलंय. आणि मी तिथं उभी राहून हो म्हणणार आहे. तू निदान सगळ्यांच्या देखत विकत घेतला होतास.

आज सकाळी मी शहागंजात गेले होते. फूलबाजाराच्या अगदी टोकाला एक बाई बसते, तिचा हात चांगला आहे, बराचसा तुझ्यासारखा. चपटा हार येतो का विचारलं, तर "येतो की, बसा," म्हणाली आणि बोलता बोलता चार बोटं ओवून दाखवला. मला पसंत होता. पण मी लगेच हो म्हटलं नाही. हे पत्र तुला मिळणार नाही, म्हणूनच हे लिहायला धजते आहे. मी आधी तिच्या पदराच्या आत पाहिलं. काळे मणी दिसले, तेव्हा पर्स उघडली. जन्मभर मी तुझी बाजू घेऊन लोकांशी भांडत आले, आणि आज तिथं तू बसलेली असतीस, तर तुझा मोकळा गळा बघून मी पुढच्या गाड्याकडे गेले असते.