पारखेसाहेबांच्या हातातला नारळ

मु. कातळवाडी, जि. रत्नागिरी
सोमवार, दि. १० मार्च १९८६, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे
(या वेळी मी वाचनालयात बसून प्रश्नांच्या वहीत न विचारलेल्या प्रश्नांपुढे फुल्या मारीत होतो. पेन्सिलीने मारतो आहे. शाईने मारण्याइतका धीर अजून होत नाही.)

तीर्थरूप काशीराममामा यांच्या पायांशी भाचा सहदेव याचा दंडवत. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीने. मामींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. आईने त्यांच्यासाठी कुळथाचे पीठ बांधून ठेवले आहे, ते शिमग्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती परत जाताना पाठवू. तुमच्या प्रकाशनाच्या गोदामात उंदीर फार झाले होते असे मागच्या पत्रात होते. ते कमी झाले असतील अशी आशा आहे.

आता मूळ विषय. तुम्ही पुस्तकांचे गठ्ठे बांधता बांधता एवढ्या मोठ्या लेखकाला गळ घातलीत, की रत्नागिरीत व्याख्यानाला जाताच आहात तर एक दुपार आमच्या वाडीच्या वाचनालयालाही द्या, आणि श्री. दिगंबर पारखेसाहेब खरोखर आले. तुमचा शब्द त्यांनी राखला. तुमचा मान मात्र मला राखता आला नाही. तो कसा गेला ते क्रमाने लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाकडे कानावर येण्याआधी माझ्याकडून सरळ यावे.

साहेबांची धंदा आणि समाज या विषयावरची तिन्ही पुस्तके मी दोनदा वाचली. (नववीपर्यंतच शिकलो असल्यामुळे काही पाने तीनदा.) निसर्गाने दिलेले व्याज खावे, मुद्दल खाऊ नये, नातवंडांना पुरेल असे वापरावे, हे त्यांचे म्हणणे मला नीट समजले आणि त्यावर मी एक्केचाळीस प्रश्न काढले. प्रत्येक प्रश्न आधी कच्च्या वहीत, मग शब्दकोश पाहून पक्क्या वहीत. मुलाखत घेणाऱ्याने अशी तयारी करावी असे त्यांच्याच एका प्रस्तावनेत आहे.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी रत्नागिरीत त्यांच्या लॉजवर हजर झालो. आमच्याकडे येणारी एस.टी. अकराची, म्हणून मधल्या वेळात त्यांना मिरकरवाड्याला जायचे होते. मी पहिला प्रश्न वाटेतच विचारून घेतला (‘आपला प्रवास सुखाचा झाला ना?’) आणि त्यांनी ‘हो’ असे उत्तर दिले. पुढे काय होणार हे ठाऊक असते तर मी सुरुवात सतराव्या प्रश्नापासून केली असती. बंदरावर गेल्यावर साहेबच प्रश्न विचारू लागले. बर्फवाल्याला विचारले, जाळी विणणाऱ्याला विचारले, मग हौसा नावाच्या मासळीवालीपुढे बसकण मारून विचारले की दहा वर्षांपूर्वी बांगडा किती मिळायचा, कसा मिळायचा, केवढा मिळायचा. ती म्हणाली, “घ्यायचं आसंल तर पिशवी उघडा. धा वर्सापूर्वीचं बांगडं लोकांनी धा वर्सापूर्वीच खाल्लान्.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साहेबांनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतले आणि यात एक अख्खे प्रकरण आहे म्हणाले. बांगडे मीच घेतले. ते एस.टी.त माझ्या मांडीवर होते आणि प्रश्नांच्या वहीला अजून वास येतो.

गाडीतही मला संधी मिळाली नाही. वाडीत घरे किती, मुंबईला माणसे किती, झरा बारमाही आहे का, असे तेवीस प्रश्न त्यांनी मला विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले की रविवारी कोळशाचा ठेकेदार येणार असून वाडी आपला वरचा डोंगर त्याला तोडायला देणार आहे. देवळावर नवी कौले आणि शाळेला भिंत, असा सौदा ठरत आला होता. साहेब हातखंब्यापर्यंत वहीत लिहीत राहिले. मग आसपास आधी कुणी असा डोंगर दिला आहे का म्हणून विचारले. मी सांगितले, की शेजारच्या वाडीने दिला त्याला तीन वर्षे झाली, त्यांचा झरा आता शिमग्याआधीच आटतो आणि आमची सुंदराआत्या तिथून आमच्या झऱ्यावर हंडे घेऊन येते. हे मी केवळ माहिती म्हणून सांगितले. (माझा स्वर कसा होता ते आठवत नाही.)

कार्यक्रम दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात होता, कारण वाचनालयात नऊच माणसे बसतात, तीही कपाट बंद असेल तर. बायकामाणसांसकट सगळी वाडी आली होती. आपल्याकडे देवाच्या दारात कुठलीही गोष्ट गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही, तेव्हा रघूतात्या गुरव खांबापाशी देवाकडे तोंड करून नारळ घेऊन उभे राहिले आणि मुंबईचा पाव्हणा आलाय, त्याला सांभाळून ने, त्याच्या वाचेला यश दे, आमच्या टाळक्यात काय शिरंल असं कर, असे त्यांनी मागितले. प्रत्येक मागणीला सर्वांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आले. चर्चेची इतकी सुंदर रीत आपण कुठेच पाहिली नाही, असे ते माझ्या कानात म्हणाले. मी ‘ही चर्चा नव्हे’ असे सांगणार होतो, पण पाहुण्याला दुरुस्त करणे मला जमले नाही.

आणि इथे ती चूक झाली. घाईत माझ्याकडून सत्कार आधी उरकला गेला. शाल खांद्यावर घातली आणि दुसरा नारळ साहेबांच्या हातात दिला. मी मागे वळून वही उघडली, बांगड्यामुळे चिकटलेली पाने सोडवली आणि प्रश्न दुसरा म्हणून वर पाहिले, तर साहेब रघूतात्यांच्या जागी, त्याच खांबापाशी, देवाकडे तोंड करून, दोन्ही हातांत नारळ धरून उभे होते आणि त्याच चालीत म्हणत होते, “हा डोंगर आमच्या नातवंडांचा आहे, महाराजा!”

मंडपात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पण रघूतात्यांना ऐकू कमी येते. त्यांना दिसला तो नारळ. सत्तर वर्षांच्या सवयीने ते म्हणाले, “व्हय म्हाराजा!” आणि एकदा त्यांनी म्हटल्यावर बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचे म्हणजे देवाच्या तोंडावर नाही म्हणायचे. सगळे म्हणाले. साहेबांना जोर चढला. त्याचे व्याज आम्ही खाऊ, मुद्दलाला हात लावणार नाही. व्हय म्हाराजा. खालचा झरा आटू देणार नाही. व्हय म्हाराजा (हे बायकांच्या बाजूने फार मोठ्याने आले). कोळशासाठी एकही झाड तोडू देणार नाही. व्हय म्हाराजा. मग रघूतात्यांनी त्यांच्या हातातला नारळ घेऊन पायरीवर फोडला. त्याची बरोबर सारखी दोन भकले झाली, म्हणजे देवाने ऐकले.

वाडीचा कारभार पाहणारे आमचे गावकर महिपतआप्पा बसल्या जागेवरून मला म्हणाले, “सदू, ह्यो मानूस आमच्या वतीनं बोलला काय रं? आमाला न इच्यारता?” मी म्हणालो, पुढे प्रश्नोत्तरे आहेत. ते म्हणाले, “आता कसले प्रश्न? आता उत्तर झाला.” पारखेसाहेबांना यातले काही कळले नाही. त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले, ग्रामस्थांनी एकमताने ठराव केला असे वहीत लिहिले आणि साडेसहाच्या एस.टी.ने ते गेले. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला, की मला माझा हात आणि गाडी दोन्हींची काळजी वाटली.

काल रविवारी ठेकेदार आला. आप्पांनी त्याला सांगितले की देवाला शब्द गेलाय, आता काय करता येत नाय. तो तासभर थांबला, मोठ्याने बोलला, चहा न घेता गेला. कौले गेली, शाळेची भिंत गेली. आज सकाळपासून वाडीत मला कुणी काही बोलत नाही, फक्त पाणी प्यायला गेलो की सगळे माझ्या तांब्याकडे पाहतात. झऱ्यावर सुंदराआत्या भेटली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्याने मला जास्तच वाईट वाटले. मामा, तुमच्या नावाने आलेल्या पाहुण्याने वाडीचा सौदा मोडला, असे आता तुमचेही नाव निघते आहे. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
सहदेव

ता. क. १ : हे पत्र मी महिपतआप्पांच्या सांगण्यावरून लिहीत आहे. रघूतात्या म्हणतात, ज्याच्या हातात नारळ होता त्यानेच येऊन देवाकडे सूट मागितली तर शब्द फिरवता येतो. तरी शिमग्याची पालखी निघण्याआधी पारखेसाहेबांना पुन्हा घेऊन यावे, ही वाडीची विनंती. इथपर्यंत आप्पांनी वाचून घेतले आहे.

ता. क. २ : आप्पा आता गेले. मामा, एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आईलाही नाही. डोंगर तुटला असता तर झाडे मोजून नोंद ठेवायला ठेकेदार कारकून ठेवणार होता. माझे अक्षर पाहून त्याने ती जागा मला कबूल केली होती. दोन वर्षांचे काम होते. मला घर सोडून मुंबईला यावे लागले नसते.

ता. क. ३ : कार्यक्रमाची यादी परत पाहिली. गाऱ्हाणे, प्रास्ताविक, प्रश्नोत्तरे, आणि ‘शाल व श्रीफळ – शेवटी’. ‘शेवटी’ खाली रेघ मारलेली आहे. यादी माझ्याच हातची आहे आणि त्या वेळी ती माझ्या हातातच होती. घाई झाली असे वर लिहिले आहे ते तसेच ठेवतो, कारण आप्पांनी ते वाचले आहे. तेव्हा साहेबांना निरोप पोचला नाही तरी चालेल. शिमगा होईपर्यंत ते तुम्हाला भेटलेच नाहीत असे झाले तर बरे. त्यानंतर भेटले, तर सतरावा प्रश्न मात्र माझ्या नावाने विचारावा. तो असा : ‘डोंगर राखला. आता डोंगराखाली राहणाऱ्या नववी शिकलेल्या माणसाने गाव न सोडता काय करावे?’ उत्तर पोस्टकार्डावर मावेल एवढे असावे.

प्रश्नांचा हिशेब :
आणलेले – ४१
खर्ची पडलेले – १ (प्रवासाचा)
येणे बाकी – ४०
पैकी निकडीचा – १