तीनदा विसळलेला सेल

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. फक्त तथ्यं. भावना नाहीत.
तथ्य: तांब्याच्या कॅटॅलिस्टवर कार्बन डायऑक्साइड सोडून वीज दिली की मिथेनॉल निघायला हवं. वर्षभर निघालेलं नाही. दोष माझा नाही. काचेचा सेल, म्हणजे प्रयोगाचं भांडं, अस्वच्छ असणार. पाण्याने डाग राहतात. उद्यापासून सेल मिथेनॉलने विसळणार. ते उडून जातं, मागे काही राहत नाही.

६ फेब्रुवारी
मिथेनॉल निघालं. थोडंच, पण निघालं. स्वच्छतेचं फळ. उद्यापासून दोनदा विसळणार.

११ फेब्रुवारी
दुप्पट. सर म्हणाले, छान, पण ब्लँक घेतलास का? म्हणजे हाच प्रयोग, कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडून. तेव्हा काहीही निघता कामा नये. घेते म्हटलं. पण आर्गॉनचं सिलिंडर पलीकडच्या खोलीत आहे, आणि तिथली माणसं फार बोलतात.

१७ फेब्रुवारी
आईचा फोन. तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय, आमची मुलगी धुरातून स्पिरिट काढते. दादाने मागून विचारलं, पिण्याजोगं आहे का? पिणारा आंधळा होतो, हे कळवलं. मग आईचं नेहमीचं: घरी स्वतःचा कप विसळत नाहीस, तिथे काय दिवे लावतेस कोण जाणे.
फोन ठेवला. लागले की दिसतील.

२३ फेब्रुवारी
तीनदा विसळला. वाळवायला वेळ नव्हता. आजवरचा सर्वात मोठा आकडा.
सरांनी परिषदेत बोलायला माझं नाव दिलं. थीसिसचं शेवटचं प्रकरणही हेच. टिकलं तर मे महिन्यात सुटका, नाहीतर आणखी एक वर्ष या बिनखिडकीच्या खोलीत. टेबलशेजारीण म्हणाली, बये, खुंटा हलवून बळकट कर, आधी ब्लँक घे.
मत्सर झाला की लोक म्हणी वापरतात.

२ मार्च
ब्लँक उद्या. आज पाठ दुखतेय.

३ मार्च
ब्लँक घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. तरी घेणार. पुढच्या आठवड्यात.

९ मार्च
सर सकाळी स्वतःच आर्गॉनचं सिलिंडर ढकलत घेऊन आले.
सेल नेहमीसारखा तीनदा विसळला. कार्बन डायऑक्साइड नाही. मिथेनॉल तेवढंच.
शेजारीण म्हणाली, कॅटॅलिस्ट काढून बघ. काढला. तेवढंच.
वीज बंद केली. किंचित जास्त.
सरांनी माझी विसळायची बाटली उचलून लेबल वाचलं. म्हणाले, मिथेनॉलपासून मिथेनॉल. यात तुझा हात कोणी धरणार नाही.

१० मार्च
सेल पाण्याने धुतला, नीट वाळवला. मिथेनॉल शून्य. परिषदेतलं नाव मागे घेतलं. मे गेला.
आईचा फोन. आहे ते सांगितलं. तिने विचारलं, मग इतके दिवस तिथे करत काय होतीस?
भांडी विसळत होते म्हटलं.
तिचा विश्वास बसला नाही.