पेन्सिलीने लिहिलेलं नाव

कोवळम, चेन्नई
११ मार्च २००७

शर्मिष्ठा,

गिंडीतली फायबरग्लासची नोकरी सोडून मी इथे समुद्रालगत शेड टाकली आणि सर्फबोर्ड बनवायला लागलो, तेव्हा तू म्हणालीस, "लाटांवर उभं राहायच्या फळ्या? रत्नाकर, घेणार कोण?" आणि पुण्याच्या स्थळाला होकार दिलास. तुझं चुकलं असं म्हणत नाही. पण राग होता.

फळी घासून झाली की गिऱ्हाइकाचं नाव मी तिच्यावर पेन्सिलीने लिहितो. वरून काचेचं कापड आणि रेझिन चढलं की ते कायमचं आत राहतं. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या, सेल्वमच्या फळीवर मी तुझं नाव लिहून बसलो. रेझिन घट्ट झाल्यावर लक्षात आलं. त्याने त्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, "सार, इदु एन्ना?"

म्हटलं, "कंपनीचं नाव."

मग तेच ठेवावं लागलं. परवा चाळिसावी फळी गेली. इथली माणसं तुझं नाव पोटाखाली घेऊन लाटांत शिरतात. आणि तू, चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातूनही मागे पळायचीस.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू नाव बदलायला सांगशील, आणि तुझं ऐकायची माझी सवय अजून गेलेली नाही.

अजून त्याच शेडमधला,
रत्नाकर