एकच पॉइंट

प्रिय 'अगं ऐकलंस का',

हसू नकोस. छत्तीस वर्षं याच हाकेवर भागलं, त्यामुळे पत्राच्या डोक्यावर दुसरं काय लिहायचं ते सुचेना. इकडे सगळं ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालतो, दूध दिवसाआड उतू जातं. शेजारी विचारतात, तेव्हा ती लेकीकडे नातवंडं सांभाळायला गेलीय असं ठोकून देतो. आठ महिने झाले, आता त्यांनाही ते खरं वाटत नसावं.

मंगळवारी व्हॅन बाहेर काढली. दोन्ही बॅटरीच्या सायकली घडी घालून, मधे जुन्या गादीचा तुकडा सरकवून, पट्ट्यांनी आवळून मागे ठेवल्या. तुझी घरी ठेवून निघवेना. आणि सवयीनं चालत्या गाडीत आधी माझी चार्जिंगला लावली, वाटेत थांबून शेवटचा अर्धा तास तुझी. गाडीत चार्जिंगचा पॉइंटच एक. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलं, एकेका ओट्यावर चार-चार पॉइंट काढून दिले, आणि आपल्या गाडीत दुसरा काढायला मला तीन वर्षं सवड झाली नाही. तू दोनदा म्हणाली होतीस. लोड झेपणार नाही, असं मी मोठ्या मिस्त्रीच्या थाटात सांगून टाकलं. झेपला असता गं. सीटखाली आणखी एक बॅटरी टाकायची, एका दुपारचं काम.

आपल्या नेहमीच्या तळ्याच्या चढाखाली पोचलो तर माझ्या सायकलचं चाक बसलेलं. म्हणून तुझी उघडली आणि निघालो. चढावर, अर्ध्यातच, चार्जिंग संपून ती बंद पडली. मग ढकलत निघालो. वीस किलोचं धूड, आणि पावलागणिक पेडल नडगीवर आपटतं. तिसऱ्या की चौथ्या फटक्याला मला तुझी नडगी आठवली. आपण दोघं इथं शेवटचं आलो, त्या दिवशी घरी गेल्यावर तू तेल चोळत बसली होतीस, पायावर निळे डाग होते. कुठं धडपडलीस, असं मी विचारलं होतं. कुठं नाही, म्हणालीस आणि वाटी उचलून आत गेलीस.

तू त्या चढावर ढकलत होतीस तेव्हा मी वर बाकावर बसून दोन कप चहा प्यायलो होतो. मागे वळून बघायला उठलोसुद्धा नाही. तू आलीस तर वर तुलाच म्हणालो, किती हा वेळ! तुझा दुखरा गुडघा मला माहीत नव्हता असं नाही. तू एवढंच म्हणालीस, पुढारी पोचले ना, मग झालं. मी नेहमी पुढं जातो म्हणून तू लाडानं ठेवलेलं नाव, पण त्या दिवशी त्यात लाड नव्हता. त्यानंतर ते तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी तू बॅग भरलीस आणि मी त्याला मनाशी गुडघ्याचा इलाज म्हणत राहिलो. मंगळवारी मला वर पोचायला तासभर लागला. बाक रिकामा होता. बसलो आणि रडलो, सांगायला लाज कसली.

आता पत्राचं कारण. लेकीकरवी तुझा निरोप आला, माझी सायकल कुणाला तरी देऊन टाका. जावयांच्या ऑफिसातले एकजण रविवारी न्यायला येणार आहेत. तू म्हणशील तर देईन, पण हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. चुकलो मी, आणि हे म्हणायलाही उशीरच केला. शनिवारी सकाळी व्हॅन लेकीच्या दारात उभी असेल. दुसरा पॉइंट काढलाय, तरी तुझी आधी लावणार आहे. गुडघा नको म्हणाला तर नुसती गाडीत बस, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. आणि निघालीसच सायकलवर, तर पुढं तू. चढावर माझी बंद पडली तर थांबू नकोस.

तुझाच,
माजी पुढारी