कुरुळीच्या चौकातला ग्रह

ती. भिमाआक्कास,

धाकट्या कोंडीरामाचा मनापासून जयभीम. उदगीरला थंडी पडली असेल. गुडघे कसे आहेत? डावा आणि उजवा, दोघांची खुशाली वेगवेगळी कळव. दाजींनाही जयभीम. आम्ही इकडे कुरुळीत अंगानं ठीक आहोत, अब्रूनं नाही. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच हसतेस, म्हणून हे पत्र.

एकतीस वर्षं मी कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होतो. मी पास केलेला एकही तुकडा गिऱ्हाइकाकडून परत आला नाही. (एकदा आला होता, पण तो दुसऱ्या शिफ्टचा होता.) रिटायर झाल्यावर आमच्या मिनलनं बापासाठी लॅपटॉपवर एक वेबसाइट लावून दिली. शास्त्रज्ञ तिथे लांबच्या ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख ठेवतात आणि तुमच्याआमच्यासारख्यांनी ते तपासायचे. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड जरासा घटतो, आलेखात खड्डा पडतो. ठरावीक दिवसांनी तो पुन्हा पुन्हा पडला तर ग्रह असण्याची शक्यता. म्हणजे इन्स्पेक्शनच की! मी आणि तुझी भावजय चतुरा, दोघंही बसायचो. (ती डाळ निवडता निवडता बघते. ही काय पद्धत झाली?)

दिवाळीनंतर मला एक सापडला. दर अकरा दिवसांनी खड्डा! तारा लहानसा, तांबूस, ऊब बेताची, म्हणजे एवढ्या जवळच्या ग्रहावरही पाणी उकळणार नाही की गोठणार नाही. माणसाला राहण्याजोगं ठिकाण! चतुरा म्हणाली, "अहो, एक खड्डा खोल आहे आणि पुढचा उथळ." मी म्हणालो, "तू पॅकिंगला होतीस, इन्स्पेक्शनला नव्हतीस." आणि शास्त्रज्ञांना कळवून सोसायटीच्या ग्रुपवरही बातमी टाकून दिली.

इथून पुढे माझी काडीचीही चूक नाही. वरच्या मजल्यावरच्या मारुतरावांनी विचारलं, "गुंठा काय भावानं जातोय?" सावित्रीबाईंनी विचारलं, पाणी रोज येतं का. आणि आमचे चेअरमन अण्णासाहेब (यांना निवडणुकीला उभं राहायचंय) यांनी दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला: 'राहण्यायोग्य ग्रहाचे शोधकर्ते मा. कोंडीराम यांचे हार्दिक अभिनंदन!' माझा फोटो निरोपसमारंभातला, तोंडात लाडू असलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मधोमध ग्रहाचं चित्र. आणि अण्णासाहेबांचा फोटो गॉगल घातलेला, ग्रहापेक्षा मोठा!

चौथ्या दिवशी शास्त्रज्ञांचं उत्तर आलं. नम्र होतं, नको इतकं नम्र. तिथे ग्रह नाही, दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत. मंद तारा पुढे आला की खोल खड्डा, तेजस्वी पुढे आला की उथळ. आक्का, एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझा माल परत आला.

मी तडक अण्णासाहेबांकडे गेलो. म्हणालो, फ्लेक्स उतरवा. तर म्हणतात कसे, "काका, उतरवला तर लोकांना वाटेल ग्रह पडला. आणि दोन तारे म्हणजे तर एकाचे दोन झाले. छापून घेऊ दुरुस्ती!" आणि खरंच, संध्याकाळपर्यंत ग्रहावर चिठ्ठी: 'एकावर एक तारा फ्री!' हा काय साबण आहे?

मग मात्र मी पेटलो. सकाळी घरातली शिडी आणि जपून ठेवलेलं 'रिजेक्टेड'चं लाल स्टिकर घेऊन चौकात गेलो. ग्रहावर लावायचं होतं. पण पहिल्या शिफ्टच्या बसवाल्यानं मागून असा हॉर्न मारला की शिडी हलली, आणि स्टिकर बसलं थेट अण्णासाहेबांच्या कपाळावर. अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. आता अण्णासाहेब म्हणतात, विरोधकांनी मला फूस लावली! चांगल्या प्रतीचं स्टिकर आहे, निघतही नाही.

लेखी माफी मागा म्हणतात. मागणार नाही. फ्लेक्स खाली आल्याशिवाय मी त्या चौकातून जाणारही नाही, दुधाला लांबून वळसा पडला तरी बेहत्तर.

तुझाच धाकटा,
कोंडीराम

ता. क. – वरचं सगळं विसरलीस तरी चालेल. खरं काम वेगळंच आहे. काल शास्त्रज्ञांचं आणखी एक पत्र आलं. चतुरानं महिन्यापूर्वी खूण केलेला एक तारा त्यांनी मोठ्या दुर्बिणीनं तपासायला घेतलाय. ग्रह असू शकतो, एवढंच म्हणतात. तिनं कुणाला सांगितलं नाही. शाबासकी द्यायला मी दोनदा स्वयंपाकघरात गेलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. तेवढा तू तिला फोन कर.

आणखी ता. क. – तिचा आलेख मी तीनदा तपासला. सगळे खड्डे सारखे आहेत. पण हे तू बोलू नकोस. एवढं मी तिला सांगेन म्हणतो.