ई तारेचा बंदोबस्त

८ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण शिस्त.
मल्लेशनं आज प्रॅक्टिसला सगळ्यांसमोर सांगितलं, "अण्णा, तुम्ही दुसऱ्या तारेवर वाजवायलाव आणि मागं ती जाडी ई घूं घूं करायली. गाणं सगळं गढूळ व्हायलंय." मल्लेश आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक आणि कीबोर्डवाला. वयानं लहान. तरी ऐकून घेतलं. मोठेपणा.
मी वाजवतो त्या बेस गिटारला तारा चार, ई सगळ्यात जाड. एक वाजवताना बाकीच्या तिघींवर बोटं हलकीच टेकवून त्यांना गप्प ठेवायचं. एवढंच. कॉलेजपासून करतोय.
संकल्प : नवरात्रापर्यंत ई तार पूर्ण गप्प.

१५ जून
दोष माझा नव्हताच. तुळजापूरची लाईट. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. तुळस जरा हलवावी लागली. अस्मिता म्हणाली, "अहो, प्लग काढला तरी वाजतंय की ते." ही शाळेत विज्ञान शिकवते, हे विशेष.

२९ जून
यूट्यूब बघितलं. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी तारांवर आडवी टेकलेली पाहिजे. माझी टेकलेलीच असते, खात्री आहे. पण खाली बघितलं की करंगळी हवेत. मधेच कधी उचलते कुणास ठाऊक. आळशी बोट. उद्यापासून पहाटे करंगळीचा व्यायाम.

३० जून
उशिरा जाग आली.

१३ जुलै
जालीम उपाय. भांडी घासायचा स्पंज तारांखाली सारला. ई एकदम ठार. मल्लेश म्हणाला, "ई गेली अण्णा, पण बेस बी गेला. पाट बडवल्यावानी वाजायलंय." लोकांना काही म्हणजे काही पटत नाही. स्पंज ओट्यावर परत ठेवला. अस्मितानं फेकून दिला.

२० जुलै
अत्यंत आनंदाचा दिवस!
सकाळी गॅसवरून चहाचं पातेलं उतरवत होतो, तोंडानं बातम्यांवर बोलणं चालू. अस्मिता किंचाळली, "अहो बोट! बोट काढा आधी!" करंगळी पातेल्याला चिकटलेली. मोठा फोड आला, पण वेदना शून्य! मोठ्या वादकांची बोटं अशीच दगडासारखी होतात म्हणे. साधना फळाला येतेय. अस्मिताला तसं सांगितलं. हसली नाही. फोडाकडं बघत राहिली.

१० ऑगस्ट
करंगळी आता आपोआप वाकून राहते. बेसवाल्याच्या हाताला येणारा नैसर्गिक आकार असावा.
अस्मितानं कोपराजवळचा फिकट चट्टा बघितला. मी पेपर वाचत होतो. ही गुपचूप सुई घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "टोचलेलं कळलं नाही तुम्हाला. रक्त आलंय, बघा तरी." म्हटलं, अगं एकाग्रता. चट्टा म्हणजे नायटा, घामानं होतो. मलम आणलंय. ती रडायला लागली. दवाखान्यात चला म्हणते. गणपतीचा प्रोग्राम तोंडावर असताना! नवरात्र झाल्यावर दाखवू, असं ठरवून टाकलं. मी.

३१ ऑगस्ट
तामलवाडी. विजय!! सगळ्या प्रोग्रामात एकदाही घूं घूं नाही. इतका स्वच्छ बेस मी स्वतःचासुद्धा कधी ऐकला नव्हता. मल्लेशनं हात मिळवला, "आज साऊंड लई क्लीन होता." नजर भलतीकडंच होती त्याची. असूया.
घरी आल्यावर दिसलं, तारांना रक्त लागलंय. करंगळीची जखम पुन्हा फुटली होती. अस्मितानं धुतली.

१४ सप्टेंबर
मल्लेश घरी आला. फरशीकडं बघत बसला. मग म्हणाला, "अण्णा, तामलवाडीला तुमच्या गिटारची लाईन साऊंडच्या मिक्सरवर बंद ठिवली होती. बेस म्या कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवला. नवरात्रात बी तसंच करू म्हणतो. तुम्ही स्टेजवर उभं राहा की, कोण न्हाय म्हणतंय?"
मी बाणेदारपणे राजीनामा दिला. तो घेतला की नाही ते कळायच्या आत अस्मिता बाहेर आली. मल्लेशसमोर माझा हात धरला. म्हणाली, "ही करंगळी सरळ करून दाखवा."
केली. म्हणजे जोर लावला. ती तशीच राहिली.
मल्लेश उठून उभा राहिला. "वैनी, आता थांबू नका. दाखवा यांना."

१६ सप्टेंबर
धाराशिव, दवाखाना. डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली. दोरीसारखी जाड झालीय म्हणाले. मग आजाराचं नाव सांगितलं. कुष्ठरोग.
मी म्हणालो, दुसऱ्या कुणाचा कागद असेल, नाव नीट बघा. त्यांनी नाव वाचून दाखवलं. राघवेंद्र. मीच.
औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, पूर्ण बरा होतो, लपवू नका, असं बरंच बोलले. मी फक्त करंगळीचं विचारलं. म्हणाले, "लवकर आला असतात तर नस वाचवता आली असती. आता गोळ्या देतो. पण गेलेली जाणीव परत येईलच, असं सांगत नाही."
अस्मितालाही तपासलं. तिला काही नाही. तरी खबरदारीचा एक डोस दिला. तिनं माझ्याकडं न बघता गिळला. मी तिच्याच हातचं खात होतो, तिच्याच शेजारी झोपत होतो, आणि नवरात्रानंतर बघू म्हणत होतो.
एसटीत ती माझ्या शेजारीच बसली.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
रस्ते माणसांनी भरलेत. स्पीकरचा आवाज घरात येतोय. मल्लेशचा फोन आला होता, तब्येत विचारली. पाठ धरलीय म्हणालो. "पाठ व्हय," म्हणाला आणि फोन ठेवला.
नवा संकल्प : गोळ्या वेळेवर, व्यायाम रोज, पुढच्या नवरात्राला स्टेजवर. डॉक्टरांना काय, ते काय बेस वाजवत नाहीत.
संध्याकाळी गिटार मांडीवर घेतलं. अस्मिता समोर येऊन बसली. डोळे मिटले. करंगळी ई तारेवर अलगद टेकवली. या वेळी नक्की लागली, थंड तारसुद्धा जाणवली.
"टेकलीय ना?" मी विचारलं.
ती म्हणाली, "नाही हो."