पुलापलीकडचं घड्याळ

सर,

आज पहाटे अंघोळ करून देवापुढे दिवा लावला, डोळे मिटले, आणि नेहमीसारखं तेच इंग्लंडमधलं खेडं समोर आलं. दगडी पूल, खाली ओढा, पलीकडे मेंढ्यांची कुरणं, चर्चच्या मनोऱ्यावर चार वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ. पुलावर तुम्ही, धोतर सावरत, पाठमोरे. बाहेर अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा बर्फ पडत होता. आत तुमच्या फळ्याशेजारच्या कॅलेंडरमधला उन्हाळा. स्तोत्र अर्ध्यावरच राहिलं.

त्या एका चित्रावर तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवलंत. रोज प्रत्येकाचं एक नवं वाक्य. वाक्यं संपली, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणालात, "त्या कुंपणामागे कोण राहतं? बघ." मी तास संपेपर्यंत उभा राहून बघतोय. पुढे अमेरिकेला निघालो, तेव्हा विमान लंडनला बदलायचंय हे ऐकून तुम्ही चित्राखालचं गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंत. "वाटेतच आहे. उतर, बघून ये, मग पुढचं विमान घे." एसटी बदलावी तसं. मी चार तास विमानतळावरच्या खुर्चीत बसून होतो, चिठ्ठी खिशात.

महिन्याभरानं फोनवर तुमचा पहिला प्रश्न, "पाहिलंस?"

"हो, सर."

"कुंपणामागे कोण राहतं?"

"एक म्हातारी. कोंबड्या पाळल्यात तिनं."

"आणि घड्याळ? चालू आहे?"

"चालू आहे, सर."

तुम्ही म्हणालात, "बरं झालं, बाबा." त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत आपण कितीदा बोललो. मी ते दुरुस्त केलं नाही.

तुमची मुलगी, आमची ताई, आता तुमच्याच वर्गावर शिकवते. परवा तिचा मेसेज आला, चित्राशेजारी लावायला तुझा त्या गावातला फोटो पाठव. दोन दिवस मनात होतं, तिकीट काढून जाऊन यावं, फोटो काढावा, कुणाला कळतंय. आज दिव्यापुढून उठलो आणि फोन लावला. तिकडे शाळा सुटायची वेळ, मुलांचा गलका.

"ताई, मी तिथे कधी गेलोच नाही. सरांना खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "आणि ती कोंबड्यांवाली?"

"नाहीये."

"अरे, मुलं दरवर्षी तिला इंग्रजीत पत्रं लिहितात. बाबांनीच सुरू केलं. पत्ता नाही, म्हणून ट्रंकभर साठलीत. आता काय सांगू त्यांना?"

"फोन स्पीकरवर टाक. मी सांगतो."

आणि सांगितलं, सर. शेवटी एका मुलीनं विचारलं, मग म्हातारीला पत्र लिहायचं की नाही? मी स्वतःच आता तुम्हाला, नसलेल्या माणसाला, लिहीत बसलोय, आणि हा कागद देवघराच्या खणात तुमच्या चिठ्ठीवर ठेवणार आहे.

ते घड्याळ चालू आहे की बंद, मला माहीत नाही.